आत काय ठेवलंय

हळद शिजवायच्या दिवसांत आमच्याकडे कुणाचे तळहात पिवळे दिसले तर कुणी चौकशी करत नाही. आत्याची कावीळ घरात उशिरा लक्षात आली ती त्यामुळेच. अंगाला खाज सुटलीय म्हणाली, तर ऊन वाढलंय म्हणून सोडून दिलं. जेवण जात नाही म्हणाली, तर पित्त खवळलं असेल म्हणून कोकमाचं पाणी दिलं. मग एका सकाळी चहा देताना सुनेची नजर तिच्या डोळ्यांवर गेली आणि भिलवडीहून मला सांगलीला फोन आला.

आतेभावाचा बेत ठरलेला होता. शेजारच्या गावात एकजण कावीळ उतरवतो, झाडपाल्याचं औषध देतो, तीन सकाळी अनशापोटी घ्यायचं आणि पथ्य पाळायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे असल्या वेळी घरात पहिला फोन मला येतो. मी म्हटलं, आधी आत्याकडे फोन दे. तिला लघवीचा आणि संडासचा रंग विचारला.

"असलं काय इचारतीस गं सकाळ सकाळी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "लघवी लई पिवळी हाय, काळपटच म्हण. आन् संडासला रंगच राहिला न्हाई."

"थंडी वाजून ताप आला होता का?"

"परवा रातीला आलता. दोन गोधड्या घेऊन पडले."

मी दादाला सांगितलं, औषधवाल्याकडं जाऊ नकोस, गाडी काढ आणि तिला घेऊन ये. आजच.

हे जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात डोळे पिवळे झाले की माणूस अजूनही आधी झाडपाल्याच्या दारात जातो. कावीळ हे लक्षण आहे आणि त्यामागची कारणं अनेक. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि श्रेय त्या काढ्याला मिळतं. अडथळ्याच्या काविळीत गोष्ट वेगळी असते. यकृतात दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं आणि पित्तनळीतून लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन पडतं. ती नळी तुंबली की पित्त मागे फिरतं, रक्तात जातं. डोळे आणि कातडी पिवळी होते, लघवी गडद होते, पित्तक्षारांमुळे अंगाला खाज सुटते. आतड्यात पित्त पोचतच नाही, म्हणून शौचाचा रंग जातो. आणि तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की थंडी वाजून ताप येतो. पोटदुखी, ताप आणि कावीळ हे त्रिकूट फ्रान्सच्या शार्को यांनी १८७७ मध्ये नोंदवून ठेवलंय. तिन्ही एकत्र दिसली तर काढे घेत बसायला वेळ नसतो. जंतू रक्तात उतरले की माणूस दोन-तीन दिवसांत हाताबाहेर जाऊ शकतो.

सोनोग्राफीत आत्याची पित्तनळी १४ मिलिमीटर रुंद दिसली. एरवी ती साधारण सहा मिलिमीटरची असते. पित्ताशय काढलेल्या माणसात थोडी जास्त असली तरी चालते, पण इतकी नाही. आत खडा होता. दादा गोंधळला. आईची पित्ताची पिशवी तर केव्हाच काढलीय, दुर्बिणीनं ऑपरेशन झालंय, मग खडा आला कुठून? शंका रास्त होती. त्याचं उत्तर सीटी स्कॅनमध्ये मिळालं. यकृताखाली, जिथं पूर्वी पिशवी होती तिथं, धातूचे दोन-तीन पांढरेशुभ्र ठिपके दिसत होते. ते अपेक्षितच होते. एक ठिपका मात्र त्यांच्यापासून लांब, खाली, पित्तनळीच्या मधोमध होता. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, ऑपरेशनमधली क्लिप नळीत उतरलीय. खडा तिच्याभोवतीच झालाय."

आत्यानं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "माझ्या पोटात क्लिपा हायत? मला कुणी सांगितलं न्हाई कधी."

तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, आणि मी हे लिहितेय तेही त्यासाठीच. क्लिप सरकली यात कुणाची चूक होती असं मला वाटत नाही, पुढे सांगतेच. पण आपल्या पोटात कायमची एक वस्तू ठेवली गेलीय हे त्या बाईला इतक्या वर्षांत एकदाही कळू नये, ही गोष्ट मला पटत नाही.

पिशवी काढायचं ऑपरेशन तसं जुनं. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी पहिल्यांदा पित्ताशय काढलं. पुढची शंभर वर्षं ते बरगडीखाली मोठा छेद घेऊन होत राहिलं. दुर्बिणीतून ते पहिल्यांदा केलं जर्मनीच्याच एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये. मग १९८७ मध्ये ल्योनचे फिलिप मूरे, आणि आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया. आत्याचं झालं तोवर ही सोय तालुक्याच्या गावापर्यंत आली होती. चार बारीक भोकं, दुसऱ्या दिवशी घरी, आठवड्याभरात रानात. आमच्या बायकांना या ऑपरेशनचं केवढं अप्रूप होतं! आधीच्या पिढीतल्या बायका पोटावर वीतभर व्रण घेऊन फिरायच्या.

पण भोकातून लांब दांड्याच्या चिमट्यानं गाठ मारणं अवघड. म्हणून पिशवीची नळी आणि तिला रक्त पुरवणारी धमनी, दोन्ही टायटॅनियमच्या क्लिपांनी चिमटून बंद करतात. राहणाऱ्या बाजूला साधारण दोन क्लिपा, निघणाऱ्या बाजूला एक, आणि मध्ये कात्री. पिशवीबरोबर गेल्या त्या गेल्या. बाकीच्या तिथंच राहतात, जन्मभर. सेंटीमीटरभर लांबीच्या, कधी त्याहूनही लहान. टायटॅनियम गंजत नाही, शरीर त्याला सहसा नाकारत नाही, एमआरआयचं चुंबक त्याला ओढत नाही. जगभरात लाखो माणसांच्या पोटात अशा क्लिपा आहेत आणि जवळजवळ कुणालाच त्यांचा त्रास होत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण हे वाचून कुणी पोट दाबून बघायला लागू नये.

क्वचित एखादी मात्र सरकते. नेमकं का, यावर डॉक्टरांचे तर्क आहेत. क्लिपेजवळ जंतुसंसर्ग झाला, थोडं पित्त गळलं, क्लिपा जास्त लागल्या किंवा मुख्य नळीच्या फार जवळ बसल्या, तर आजूबाजूच्या पेशी कमकुवत होतात. वरून श्वासागणिक यकृत हलत असतं आणि पोटातले बाकीचे अवयव दाबत असतात. त्या दाबानं क्लिप हळूहळू नळीची भिंत पार करून आत येते. बहुतेकदा हे दोनेक वर्षांत होतं, पण वीस वर्षांनी झाल्याचीही नोंद आहे. आत आली की पित्तातले क्षार तिच्यावर बसायला लागतात.

आमच्या जिल्ह्यात साखर घरची. खडीसाखर कशी करतात हे वर्गात सांगावं लागत नाही : दाट पाकात दोरा सोडायचा, वाट बघायची, खडे दोऱ्यावर धरतात. पाकाला धरायला काहीतरी लागतं. पित्तालाही तेच लागतं. दोऱ्याचं तर शब्दशः खरं आहे. होमन्स नावाच्या अमेरिकी शल्यविशारदानं १८९७ मध्येच लिहून ठेवलंय की त्याच्या रुग्णाच्या पित्ताशयात रेशमी टाक्यांभोवती खडे झाले होते, ऑपरेशननंतर वीस महिन्यांनी. म्हणजे क्लिप नव्हती तेव्हाही हे होतंच. आता विरघळणाऱ्या क्लिपा निघाल्यात, काही सर्जन विरघळणाऱ्या धाग्यानं गाठच मारतात. क्लिपा कमीत कमी आणि मुख्य नळीपासून लांब ठेवाव्यात यावर मात्र बहुतेकांचं एकमत दिसतं.

सीटी पाहून डॉक्टरांनी विचारलं, जुन्या ऑपरेशनचे कागद आहेत का? क्लिपा किती लावल्या होत्या, तेव्हा पित्त गळलं होतं का, हे त्यांना बघायचं होतं. कागद होते. फाइल घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ठेवलेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा ती ट्रंक बुडाली. त्या पुरात भिलवडीत काय काय वाहून गेलं हे आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. आत्यानं शालू धुऊन वाळवला. कागदांचा लगदा झाला होता. जिथं ऑपरेशन झालं होतं तिथं दादा जाऊन आला. इतकी जुनी नोंद ठेवलेली नाही म्हणाले.

त्यांचं उत्तर नियमाला धरूनच होतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात, आणि रुग्णानं मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. तो दुसरा भाग फार कमी लोकांना माहीत आहे. माहीत करून घ्या आणि मागा. पण पहिला भाग मला अपुरा वाटतो. क्लिप वीस वर्षांनीही उतरू शकते. तोवर ती कुठं आणि किती आहे हे सांगणारा कागद फक्त रुग्णाच्या ट्रंकेत असतो, तोही असला तर.

सांगलीहून आम्ही आत्याला घेऊन मिरजेला गेलो. या गावाबद्दल मला वाटणारी कृतज्ञता जुनी आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं, आणि तेव्हापासून पार विजापूर-अथणीकडची माणसं गाठोडं घेऊन मिरज जंक्शनवर उतरत आलीयत. दवाखान्याच्या बाकावर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. आमच्या शेजारी बसलेल्या कानडी आज्जीला आणि आत्याला एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघींनी हातवारे करून आपापलं दुखणं एकमेकींना सांगून टाकलं.

आत्याला करायचं होतं ते ईआरसीपी. दुर्बीण पोटाला भोक न पाडता तोंडातून जाते. अन्ननलिका, जठर आणि मग लहान आतड्याचा पहिला भाग. या दुर्बिणीचा डोळा टोकाला नसून कुशीला असतो, कारण पित्तनळीचं तोंड आतड्याच्या कुशीवर एका बारीक उंचवट्यावर उघडतं. त्या तोंडातून तार आत सरकवायची, औषध सोडून एक्स-रेवर नळी बघायची. हे पहिल्यांदा अमेरिकेत विल्यम मक्यून यांनी १९६८ मध्ये केलं. तेव्हा ते नुसतं बघणं होतं. नळीचं तोंड विजेच्या तारेनं थोडं कापून खडा खाली काढता येतो हे १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन आणि डेमलिंग यांनी आणि जपानात कावाई यांनी दाखवलं. त्याआधी आत्यासारख्या बाईचं पोट दुसऱ्यांदा उघडण्यावाचून इलाज नव्हता.

मिरजेच्या डॉक्टरांनी आमच्याशी नीट बसून बोलणं केलं, तेही सही घेण्याआधी. शंभरातल्या तीन ते दहा जणांना यानंतर स्वादुपिंडाला सूज येते, कारण त्याची नळी त्याच तोंडाशी उघडते. ती टाळायला गुदद्वारातून एक औषधाची कांडी देतात. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित आतड्याला छिद्र पडू शकतं. आत्याला के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आधीच सुरू केलं होतं. पित्त आतड्यात पोचत नसलं की अन्नातलं के जीवनसत्त्व अंगी लागत नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. त्या अवस्थेत नळीचं तोंड कापणं धोक्याचं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना एकच विचारलं, "समदं बाहेर काढशीला न्हवं? आत काय ठिवनार न्हाई?"

"मावशी, क्लिप काढू. पण नळीत एक प्लास्टिकची नळी ठेवावी लागेल थोडे दिवस. ती नंतर काढायची."

"मग लिहून द्या," आत्या म्हणाली. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला!

आत काय झालं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं. नळीचं तोंड कापताच पू मिसळलेलं गढूळ पित्त आतड्यात आलं. खडा मऊ, तपकिरी होता. तारेच्या जाळीत पकडल्यावर त्याचा भुगा झाला आणि क्लिप उघडी पडली. खरी कसोटी तिथं. क्लिपेला दोन पाय असतात, ती आडवी ओढली तर नळीच्या भिंतीत रुतते. ती नळीच्या दिशेनं उभी होईपर्यंत ते थांबले, जाळी उघडत-मिटत राहिले, मग धरली आणि हळूच आतड्यात आणली. उरलेला भुगा फुगा फिरवून खाली काढला. शिशाचा जड एप्रन अंगावर घेऊन हे सगळं उभ्यानं चाललेलं. बाहेर आम्हाला तासभर वाटला, त्यांना किती वाटला असेल कोण जाणे. क्लिप घालणारा हात आणि ती काढणारा हात, दोघांत कितीतरी वर्षांचं अंतर. एकमेकांना ओळखतही नाहीत. मला दोघांबद्दलही आदर आहे. मधली माहिती तेवढी कुठेतरी गळून पडली होती.

क्लिप बाटलीत घालून त्यांनी आत्याला दाखवली. तिनं बाटली उजेडाकडं धरून बघितली आणि सुनेला म्हणाली, "येवढीशी?" दुसऱ्या दिवशी ताप गेला. चार-पाच दिवसांत खाज थांबली. मऊ भात, मग मुगाचं वरण, मग एकदाची भाकरी.

आता त्या प्लास्टिकच्या नळीबद्दल, म्हणजे स्टेंटबद्दल. त्यात पित्ताचा गाळ बसतो आणि साधारण तीन महिन्यांत ती बुजते. वेळेत काढली नाही तर पुन्हा कावीळ, पुन्हा ताप, कधी स्टेंटभोवतीच नवा खडा. डॉक्टर म्हणाले, स्टेंट घातल्यावर माणसाला बरं वाटतं आणि तो परत येतच नाही. गाव लांब, सुगी चालू, पैसे नाहीत. वर्ष-दोन वर्षांनी रुग्णवाहिकेतून येतो. म्हणून त्यांनी आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर मोठ्या मराठी अक्षरात लिहिलं : पित्तनळीत प्लास्टिकचा एक स्टेंट आहे, अमुक तारखेच्या आत काढायचा. खाली लिहिलं, जुन्या ऑपरेशनच्या धातूच्या क्लिपा यकृताखाली शिल्लक आहेत, त्या काढायची गरज नाही.

एवढंच तर हवं होतं. दोन ओळी. त्यात काय ठेवलंय, कशाचं आहे, किती आहेत, कुठं आहेत, कायमचं की काढायचं, काढायचं तर केव्हा. आणि एमआरआय चालेल का, हेही. कारण सगळ्याच क्लिपा सारख्या नसतात. जठरातला अल्सर फुटून रक्त जात असेल तर दुर्बिणीतूनच बारीक क्लिप लावतात. ती बहुधा काही आठवड्यांत गळून शौचावाटे निघून जाते, माणसाला पत्ताही लागत नाही. पण त्यातल्या काही जातींना एमआरआयचं चुंबक चालत नाही, आणि गळायच्या आत कुणी कंबरदुखीसाठी एमआरआय काढायला गेला तर? दुसरी एक मोठी, दातेरी, नायटिनॉलची क्लिप असते, आतड्याला पडलेलं छिद्र बंद करायला दुर्बिणीच्या टोकावरून सोडतात. ती महिनोन्महिने धरून राहते आणि काढायचीच झाली तर खास उपकरणानं, विजेच्या प्रवाहानं तिचे तुकडे करावे लागतात. यातलं आपल्या पोटात नेमकं काय आहे हे रुग्णाला सांगता आलं पाहिजे. इंग्रजी टाइप केलेल्या पानावर ते कधीकधी असतंही, ऑपरेशनच्या वर्णनात सातव्या-आठव्या ओळीत. भिलवडीच्या बाईनं ते तिथून शोधून काढावं ही अपेक्षा चूक आहे. तिच्या भाषेत, ठळक, तोंडानंही सांगून, घरच्या एकाला समोर बसवून सांगायला पाच मिनिटं लागतात. गर्दी मला दिसते, ओपीडीच्या रांगा मी पाहिल्यात. तरी ही पाच मिनिटं ऑपरेशनचाच भाग आहेत असं मला वाटतं.

दीड-दोन महिन्यांनी स्टेंट काढला. त्याला साधी दुर्बीण पुरली, संध्याकाळी आत्या घरी. त्यानंतर मी भिलवडीला गेले तेव्हा एक वही घेऊन गेले आणि घरातल्या, शेजारच्या बायकांना जमवून एकच विचारलं, तुमच्या अंगात डॉक्टरांनी काही ठेवलंय का? आधी सगळ्या हसल्या. मग एकेक सांगायला लागली. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदूनंतरची भिंगं. दादाच्या पायात सळी, उसाच्या ट्रॉलीवरून पडला होता तेव्हाची. चुलत जावेच्या नवऱ्याच्या हृदयात स्टेंट. कोणत्या वर्षी घातला हे तिला आठवेना, पण गोळ्या चुकवत नाहीत म्हणाली. प्रत्येकाची मी ओळ लिहिली, मोबाइलवर कागदांचे फोटो काढून त्यांच्याच मुलांना पाठवले, म्हणजे पुन्हा पाणी आलं तरी ते राहतील.

शेवटी समोरच्या घरातली एक बाई, पन्नाशीची, बाकीच्या उठून गेल्यावर जवळ येऊन बसली. धाकट्याच्या वेळेला तांबी बसवली होती, म्हणाली. धाकटा आता कॉलेजात आहे. ती काढायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पाळी गेल्यावर ती आपोआप जात असेल असा तिचा समज होता. कॉपर-टीचे बरेचसे प्रकार दहा वर्षांपर्यंतचे असतात, त्यानंतर ती काढायची किंवा बदलायची, हे मी तिला सांगितलं. सोमवारी आत्या तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात जाणार आहे. कुठल्या खोलीत केसपेपर काढतात ते तिला आता ठाऊक आहे, आणि काय काय विचारायचं तेही.